बॅजची प्रकृती

एक्स-रेची किरणं डोळ्यांना दिसत नाहीत. त्यामुळे त्यांच्याविरुद्ध तक्रार करणारा माणूस पहिल्यापासूनच जरा कांगावखोर वाटतो.

एक्स-रे विभागातल्या ताईंना तिसरा महिना लागला होता. कर्मचाऱ्याच्या अंगावर किती किरणं पडली ते सांगणारा बॅज त्यांनाही मिळाला होता. हे बॅज दरमहा तपासणीला जात आणि, स्वभावच तसा, खरं सांगत. मग चौकश्या होत. शेवटी साहेबांनी सगळे बॅज कपाटात घालून कुलूप लावलं. तेव्हापासून विभागात किरणं शून्य टक्के आणि समाधान शंभर टक्के. (आडोशाचा शिशाचा पडदा मात्र दुरुस्तीला गेलाय. परतीची वाट चुकला असावा.)

ताईंनी बदली मागितली.

"साहेब, गुणसूत्र म्हणजे दुपेडी दोरा. किरणांनी एक पेड तुटला तर पेशी दुसऱ्याकडे बघून रफू करते. दोन्ही तुटले की घाईत सापडेल ते टोक सापडेल त्याला जोडते. सदऱ्याला पायजम्याचा पाय! आणि माझं बाळ तर आत्ता कुठे विणलं जातंय हो."

"पण तुमचा बॅज शून्य दाखवतोय," साहेब मायेनं म्हणाले. "शून्याहून कमी मी कुठून आणू?"

साहेब चहाला गेल्यावर ताईंनी त्यांच्या खणातली किल्ली घेऊन कपाट उघडलं, आपला बॅज काढला आणि पोटावर, पदराआड लावला. महिनाभर तो तिथेच राहिला, बाळाच्या शेजारी.

अहवाल आला. आकडा मर्यादेच्या कितीतरी वर. कार्यालय हळहळलं आणि त्याच दिवशी आदेश निघाला: 'सदर बॅजची नाजूक प्रकृती लक्षात घेता त्याची बदली तळमजल्यावरील जुन्या फायलींच्या खोलीत करण्यात येत आहे.' खिडकीजवळची खुर्चीही मंजूर झाली. ताईंबद्दल आदेशात अवाक्षर नव्हतं.

ताईंनी बॅज लावला आणि सरळ तळमजल्यावर जाऊन खुर्चीत बसल्या.

"अहो, बदली बॅजची झालीय!" साहेब धापा टाकत आले.

"हो ना. पण बॅज अंगावरच हवा, असा नियम आहे. एकटा कसा पाठवू त्याला?"

साहेबांनी नियम चाळला. नियम तसाच होता. ताईंनी चपला काढल्या, पोटावर हात ठेवला आणि हलकेच म्हणाल्या, "वाढ आता निवांत."

वर त्या दिवशी मशीन बंद राहिलं. रांगेच्या टोकाकडून कोणीतरी ओरडलं, "बाळंतपणं यांची आणि खोळंबा आमचा!"

उगाच मागे वळून बघू नका. रांगेत शेवटचे तुम्हीच होता.