जित्या माणसावर फुली

धनराजने वाशीमला जाऊन दोन दिवसांचं कामगार-सुरक्षा प्रशिक्षण घेतलं आणि तिथून त्याच्या डोक्यात जे वारं शिरलं, ते काही निघेना! शेलूबाजारच्या पुढे, हायवेला लागून जगदेवभाऊंची डाळ मिल आहे. धनराज तिथला सुपरवायझर. परत आल्यापासून पिवळं हेल्मेट त्याच्या डोक्यावरून उतरत नव्हतं. घरी जेवायलाही तो तसाच बसायचा.

"भाऊ, आपन मिलचं मासिक काढू! 'सुरक्षा-वार्ता'!" त्याने मालकांपुढे जाहीर केलं. "पहिल्या अंकातच अपघात बंद नाई झाले तं धनराज नाव लावनार नाई!"

"अन् वाचनार कोन ते?" जगदेवभाऊ डाळ चोळत म्हणाले. "इथं पगाराची चिठ्ठी कोनी वाचत नाई."

"म्हनूनच फोटो टाकतो!"

योजना झकास होती. पहिल्या पानावर चुकीच्या पद्धतींचे तीन फोटो, प्रत्येकावर ठसठशीत लाल फुली. एकात मशीनच्या पट्ट्याजवळ लोंबता गमछा, दुसऱ्यात बारदान्याशेजारी बिडी आणि तिसऱ्यात दारू पिऊन पोत्यांवर पसरलेला माणूस. आता या माणसाचं सोंग घ्यायचं कोणी? सगळे हसून लांब पळाले. धनराजला मात्र एकच नाव सुचलं: किसनसिंग! मिलमधला सगळ्यात जुना आणि सगळ्यात सरळ माणूस. बंजारा तांड्यावर राहायचा. लग्नाआधी त्याने पोहरादेवीला शपथ घेतली होती आणि तेव्हापासून दारू-बिडीला शिवला नव्हता.

"साहेब, बाटली खोटी असली तरी हातात घ्याले जड जाते," किसनसिंग म्हणाला.

"अरे, म्हनूनच तं तू! पेनाऱ्याचा फोटो छापला तं त्याची बदनामी होईन. तुह्या फोटोवर कोन इश्वास ठेवते? बाटलीत काळा चहा हाय, बाप्पा!"

किसनसिंगने बाटली हातात घेतली. मग, "तुमी म्हनता तं करतो," म्हणून तो पोत्यांवर आडवा झाला. आणि काय सोंग वठवलं त्याने! एक पाय खाली, तोंड उघडं, बाटली छातीवर. अस्सल पिणाऱ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. धनराजने कौतुकाने एक चौकटही टाकली: 'फोटोसाठी सहकार्य : आदर्श कामगार किसनसिंग'.

मजकूर शेलूबाजारच्या पवनच्या प्रेसमध्ये गेला. पवन म्हणजे पंचक्रोशीतल्या लग्नपत्रिका आणि वाढदिवसाचे बॅनर छापणारा हुशार गडी. छापण्याआधी एकदा बघून जा, असा त्याचा दोनदा फोन आला. पण धनराज तेव्हा वाशीमच्या स्टुडिओत संपादकाचा, म्हणजे स्वतःचा, फोटो काढून घेण्यात गुंतला होता. "छाप बिनधास्त!" तो म्हणाला.

शनिवारी सुटीच्या वेळी गठ्ठा आला. धनराजने मोठ्या दिमाखात गेटवर उभं राहून अंक वाटले. स्वतः उघडलं ते दुसरं पान, कारण संपादक तिथे होता. फोटो छान आला होता. मग पहिली प्रत त्याने रिठदच्या जीपमध्ये सासऱ्यांसाठी पाठवून दिली. जावई संपादक झाला, हे सासुरवाडीला कळायला नको?

घरी बायकोने, निताने, अंक हातात घेतला आणि विचारलं, "अवो, ह्या मानसाचा वाढदिवस हाय काय?"

धनराजने पहिलं पान पाहिलं आणि त्याचं हेल्मेट डोळ्यांवर आलं. फुल्या गायब! तिन्ही फोटोंभोवती सोनेरी वेलबुट्टी. 'असे करू नये' ही ओळ वेलबुट्टीखाली गडप. मधोमध बाटली कवटाळून पसरलेला किसनसिंग आणि वर टपोऱ्या अक्षरांत: 'आदर्श कामगार किसनसिंग यांचे हार्दिक अभिनंदन!'

"पवन! फुल्या कुठं गेल्या बे?" धनराज फोनवर किंचाळला.

"काढल्या ना साहेब! तुमच्याकून चुकीनं पडल्या असतीन. जित्या मानसाच्या तोंडावर फुली मारते काय कोनी? लेकराबाळाचं घर असते. अन् आदर्श कामगार म्हटलं तं अभिनंदन नाई करा लागत? बॉर्डर माह्याकडून. तिचे पैसे नाई लावले!"

माणूस चांगुलपणाने वागला होता आणि सत्यानाश झाला होता.

सोमवारी मिलमध्ये तिघंजण भर कामात पोत्यांवर घोरत होते. धनराज ओरडला तर एकाने डोळे न उघडताच सांगितलं, "आदर्श कामगार होऊन राह्यलो साहेब!" जगदेवभाऊंनी धनराजला ऑफिसात बोलावून जे ऐकवलं, त्यातलं इथे काहीच छापता येण्यासारखं नाही. पण खरा दणका पुढेच होता. किसनसिंग कामावर आलाच नव्हता. दुपारी आली ती त्याची बायको, सुंदरबाई.

ती भांडायला आली असती तर बरं झालं असतं. ती गेटजवळ नुसती उभी राहिली.

"साहेब, रूपालीची सोयरीक मोडून राह्यली," ती म्हणाली. रूपाली तिची मुलगी. रिठदजवळच्या तांड्यावरच्या उदयसिंगांच्या मुलाशी, बादलशी, तिचं ठरलं होतं. "पाव्हन्यायच्या मोबाईलवर तुमचा कागद गेला. ते म्हनतेत, दारू पेऊन अभिनंदन घेते त्या बापाची पोरगी आमाले नाई पाह्यजे. माह्या मानसानं देवीची शपथ नाई मोडली. तुमच्या शब्दाखातर बाटली धरली. आता तो घरातून भायेर निंगत नाई."

धनराजला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजवर तो स्वतःच्या हुशारीवर खूश होता. आता त्या हुशारीचीच त्याला लाज वाटली. आयुष्यभर जपलेली माणसाची अब्रू त्याने एका फोटोसाठी उसनी घेतली होती, आणि छापून काय आलंय हे बघायची तसदीही घेतली नव्हती! त्याने हेल्मेट काढलं आणि पुरावा म्हणून ती चहाची बाटली तशीच डिकीत टाकली. किसनसिंगला घरून उचललं आणि मोटरसायकल रिठदच्या रस्त्याला लावली. रिठदमधून जाताना सासुरवाडीच्या कोणी ओळखू नये म्हणून धनराजने तोंडाला रुमाल बांधला.

उदयसिंगांनी पाणी दिलं, खाट टाकली. पण चेहरा दगडाचा.

"पाव्हने, चूक माही हाय," धनराज हात जोडून म्हणाला. "ते सोंग होतं. बाटलीत चहा होता. हे पाहा, तेच बाटली!"

उदयसिंगांनी बूच उघडून वास घेतला आणि मान झटकन मागे नेली. "ह्यो चहा हाय? हातभट्टीलेबी असा वास नाई येत!"

"जुना झाला, पन चहाच हाय!"

"मंग पेऊन दाखवा."

तोवर अर्धा तांडा जमला होता. धनराजने डोळे मिटले आणि तो आठवडाभर आंबलेला चहा दोन घोटांत घशाखाली ढकलला. डोळे फिरले, तो भिंत धरून कोपऱ्यापर्यंत गेला, तिथे व्हायचं ते झालं, आणि परत येता येता खाटेवर आडवा पडला. एक पाय खाली, तोंड उघडं, बाटली छातीवर.

बादलने पटकन मोबाईलमध्ये फोटो काढला. उदयसिंगांनी एका हातात धनराजने आणलेला अंक धरला, दुसऱ्या हातात मोबाईल. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि त्यांना हसू आवरेना!

"आता बोला! हा मानूस माह्यासमोर चहा पेला, अन् फोटोत पक्का पेलेला दिसून राह्यला! किसनसिंगभाऊ, आमी नुसता फोटो पाह्यला, तुमाले इचारलं नाई. चुकलं आमचं. पोरगी आमचीच हाय." मग ते खाटेकडे वळले. "पन साहेब, ज्या कागदानं किसनसिंगभाऊची इज्जत गेली, त्याच कागदानं वापस आली पाह्यजे. येत्या अंकात ह्यायच्या जागी हा फोटो!"

तेव्हा किसनसिंग पुढे झाला. "राहू द्या पाव्हने. साहेबाची सासुरवाडी इथंच रिठदले हाय."

असल्या हालतीतही त्याने धनराजचीच काळजी करावी! धनराजला त्याच्याकडे मान वर करून पाहवेना. "छापतो," तो खाटेवरूनच म्हणाला. "पैल्या पानावर छापतो."

त्याने शब्द पाळला. 'किसनसिंग यांची जाहीर माफी मागतो' या मथळ्याखाली सगळी हकिगत लिहिली, फोटो दिला, आणि पवनच्या शेजारी बसून त्यावर स्वतः लाल फुली मारून घेतली. पुढचा अंक आला, वाटला गेला, मिलमध्ये सगळ्यांनी किसनसिंगपुढे हात जोडले. रूपालीच्या साखरपुड्याचं आमंत्रण द्यायला सुंदरबाई स्वतः धनराजच्या घरी आली. चहा मात्र धनराजने घेतला नाही.

ती गेली आणि रिठदहून सासऱ्यांचा फोन आला. सासुरवाडीची पहिली प्रत पवनने आपल्या हिशेबाने वेगळी छापून मागच्या वेळेसारखी जीपमध्ये टाकून दिली होती.

"जावईबापू, अंक भेटला," सासरे हळू आवाजात म्हणाले. "चष्मा सापडत नाई, म्हनून लिहेल काई वाचलं नाई. नुसता फोटो पाह्यला."

"मामाजी, पन त्यावर फुली…"

"फुली कायची? सोनेरी बॉर्डर हाय चांगली. मी काय म्हनतो, निताले घ्याले कवा येऊ?"