पिठावरचा सराव

बेकरीवाल्याच्या उजव्या हाताला शिवायचं म्हटलं, तर त्याच्या स्वतःच्या सदऱ्यालासुद्धा परवानगी घ्यावी लागे. सात महिन्यांपूर्वी पिठाचं पोतं खांद्यावर घेऊन तो मागच्या पायरीवरून घसरला. पोतं सुखरूप उतरलं, तो कोपरावर आपटला. हाड वेळेत जुळलं, पण हाडाशेजारची नस जी रुसली, ती काही केल्या रुसवा सोडेना. दुखणं पाहुणं म्हणून आलं आणि घरजावई होऊन बसलं. बाही जराशी घासली की कोपरापासून करंगळीपर्यंत ठिणग्यांची रांग पळत जाई.

तेव्हापासून बेकरी मेहुण्याच्या हाती होती आणि बायको वरच्या मजल्यावर नवऱ्याच्या दिमतीला. मेहुणा मनाचा मऊ होता, त्याचा पाव नव्हता. तो पाव टेबलावर ठेवला की आवाज येई. जुनी गिऱ्हाइकं एकेक करून पलीकडच्या दुकानाकडे वळली. बेकरीवाला खिडकीत बसून त्यांच्या पाठी बघत राही.

"पुन्हा पीठ मळता आलं, तर मी," तो बायकोला म्हणे. "नाही तर मी नुसता वरच्या मजल्यावरचा माणूस."

गोळ्यांनी फारसा गुण येईना, तेव्हा डॉक्टरांनी त्याला मालिश करणाऱ्या बाईंकडे धाडलं. बाई किडकिडीत आणि हळू आवाजाच्या. निजलेल्या बाळाच्या कपाळावरून फिरवावीत तशी त्यांनी दोन बोटं त्याच्या हातावरून फिरवली, आणि दर दोन श्वासांनी विचारत राहिल्या, "इथं दुखतंय? इतकं चालेल?" वीस मिनिटांनी ठिणग्या पळायच्या थांबून चालू लागल्या. त्या दुपारी बेकरीवाला घरी येऊन गाढ झोपला.

"आठवड्यातून दोनदा मी करीन. बाकीचे दिवस घरच्यांनी, रोज दहा मिनिटं. पिसासारखा हात हवा," बाईंनी बजावलं.

घरचे म्हणजे बायको. तिची माया मोठी होती आणि तळवे त्याहून मोठे. त्या संध्याकाळी तिने हाताला तेल लावलं, देवाचं नाव घेतलं आणि पीस ठेवलं. बेकरीवाल्याने जी आरोळी ठोकली, ती ऐकून मेहुणा खालून पाण्याची बादली घेऊन धावत आला. त्याला वाटलं, आग लागली.

"मी नुसता हात ठेवला," बायको म्हणाली.

"ठेवला नाहीस, टाकलास."

पुढच्या खेपेला बाईंनी आपलं मनगट पुढे करून तिला त्यावर मालिश करून दाखवायला सांगितलं. तिने केली. बाईंनी डोळे मिटले, मग सावकाश उघडले. "ताई, काही दिवस यांना हात लावू नका. आधी दुसऱ्या कशावर तरी सराव करा. जोर केला की लगेच आखडतं असं काही मऊ आहे का घरी?"

"हे आहेत की."

"यांच्याशिवाय."

"पीठ आहे. पोत्यांनी आहे."

दुसऱ्या दिवशी पहाटे बायको खाली उतरली. मेहुण्याने भिजवलेल्या पिठातला एक गोळा तिने फळीवर घेतला आणि शिकवल्याप्रमाणे दहा मिनिटं त्याला गोंजारलं. मग ती वर निघून गेली. गोळा टाकून द्यायचं मेहुण्याच्या जिवावर आलं. त्याने तो साच्यात घातला आणि भट्टीत ढकलला.

नऊच्या सुमारास शाळेतून निवृत्त झालेले मास्तर अर्धा तुकडा हातात धरून परत आले. "हा पाव कोणी केला?"

"मीच," मेहुणा म्हणाला. "बसला आता हात."

पुढच्या पहाटे त्याने बहिणीपुढे पाच गोळे मांडले.

"एवढे कशाला रे?"

"ताई, माणसाच्या हातात किती नसा असतात, माहितेय का तुला? एकेका नसेला एकेक गोळा धर."

"आणि नंतर या गोळ्यांचं काय करतोस?"

"ते मी बघतो. तू दाजींचं बघ."

तिला ते पटलं. नवऱ्याच्या हाताचा प्रश्न होता. पाचाचे बारा झाले, बाराचे तीस. रोज ती विचारी, "झाला का हलका?" आणि रोज तो बोटाने गोळा दाबून मान हलवी, "अजून जडच आहे." दारापुढची रांग विजेच्या खांबापर्यंत गेली. मेहुण्याने नवा अ‍ॅप्रन घेतला आणि गिऱ्हाइकांना पीठ कसं मळावं याचे दोन शब्द सांगू लागला.

वरच्या खोलीत बेकरीवाला बाही दुमडून वाट बघत होता.

"अगं, सराव झाला का?"

"हात जड आहे म्हणतो भाऊ."

खिडकीतून आता पाठी नव्हे, तोंडं दिसत, आणि ती सगळी मेहुण्याकडे वळलेली. एकदा बेकरीवाल्याने तो पाव मागवून खाल्ला. घास जिभेवर ठेवताच विरला. आपल्यावाचून काही अडत नाही, हे कोपराच्या ठणक्याहून खोल दुखलं.

दहाव्या पहाटे हात छातीशी धरून तो जिना उतरला. फळीवर गोळ्यांची रांग होती आणि बायको एका गोळ्यावर वाकून त्याला विचारत होती, "इथं दुखतंय? इतकं चालेल? सांग हं, लाजू नकोस."

"माझ्याशी कधी बोललीस इतक्या मायेनं?" दारातून बेकरीवाला म्हणाला.

"तो ओरडत नाही."

त्याने तो गोळा बघितला, भट्टी बघितली, मेहुण्याचा नवा अ‍ॅप्रन बघितला. "म्हणजे पाव तू करतेस."

"कुठला पाव? मी तुमच्या हाताचा सराव करतेय."

दोघांनी मेहुण्याकडे पाहिलं.

"मी भाजतो," मेहुणा म्हणाला.

"मेल्या, माझा हात जड आहे म्हणत होतास ना?"

"पावाला चालेल इतका हलका झालाय, ताई. दाजींना चालेल का, ते मी कसं सांगणार?"

तिने हात पुसले, स्टूल ओढलं आणि नवऱ्याचं कोपर मांडीवर घेतलं. त्याने दात आवळले. पण बोटं टेकली ती पहाटेच्या उन्हासारखी. "इथं?" "नाही." "इथं?" "जरासं. चालेल." त्याचे आवळलेले दात सुटले. दहा मिनिटं फळीवरचे गोळे तसेच पडून राहिले.

"गोळे फुगून वर आलेत बघ," त्याच्यातला बेकरीवाला म्हणाला. "दुमडायला हवेत."

"आज त्यांना थांबू द्या."

ते थांबणारे नव्हते. त्याने डावा हात फळीवर टाकला, आणि नकळत उजवाही मागोमाग गेला. ठिणग्या आल्या, पण चालत आल्या. कपाळावर घाम येईपर्यंत त्याने एक गोळा मळला. एकच. मग तो भिंतीला टेकून खाली बसला.

तो पावही बाकीच्यांत मिसळून विकला गेला. साडेदहाला पलीकडच्या दवाखान्यातल्या नर्सबाई तो घेऊन परत आल्या.

"आजचा पाव घट्ट आहे. कडेनं तर नीट मळलेलाच नाही. कोणी केला?"

"मी नाही," मेहुणा घाईघाईने म्हणाला.

आतून बेकरीवाला पुढे आला. "मी केला. खरंच घट्ट आहे?"

"दगड आहे."

त्याने डाव्या हाताने जिन्याचं दार उघडलं आणि हरखून वर हाक दिली, "अगं, जरा खाली ये. नर्सबाई माझ्या पावाला काय म्हणतायत, ते ऐक."