रांगोळीतली अँबॅसिडर

गाडी घ्यायची हे दिनानाथराव पेंडुरकरांनी ठरवलंच नव्हतं. ते ठरवलं रस्त्याने. वाशीत राहायला आल्यापासून ते रोज संध्याकाळी गॅलरीत उभे राहून समोरचा रस्ता बघत असत. सिडकोने तो असा ऐसपैस घातला होता की चार ट्रक आणि एक वरात शेजारी शेजारी सुखाने गेली असती. पण जायचं कोणी? दिवसभरात दोन-चार बसगाड्या, पाववाल्याची सायकल आणि जुहूगावच्या तुळशीरामचा टेंपो. बाकी सगळा वेळ रस्त्याच्या मधोमध एक म्हैस बसलेली असे. एवढा चांगला रस्ता वाया जातोय हे बघून दिनानाथरावांचा जीव तुटायचा. (स्वभावच तसा. लग्नात जिलब्या उरल्या तरी त्यांचा जीव तुटतो, आणि मग रात्रभर पोट दुखतं.)

शहाऐंशी साली गणपती उठले आणि एकाच आठवड्यात दोन गाड्या त्यांच्याकडे चालून आल्या. तीन वर्षांपूर्वी मारुतीसाठी नाव नोंदवून ते साफ विसरून गेले होते, तो नंबर लागला. आणि त्याच आठवड्यात त्यांच्या साहेबांची कलकत्त्याला बदली झाली. साहेब म्हणाले, "पेंडुरकर, माझी अँबॅसिडर तुम्हीच घ्या. घरच्या म्हशीसारखी सांभाळलीय, परक्याच्या दावणीला बांधवत नाही." ऑफिसचं कर्ज एकाच गाडीपुरतं होतं. नाहीतर दोन्ही घेतल्या असत्या, असं दिनानाथराव अजूनही सांगतात.

"मारुती!" त्यांची बायको चारुलता म्हणाली. "आणि लालच हं. कुंकवासारखी."

दिनानाथरावांच्याही मनात मारुतीच होती. केव्हा आपली रस्त्यावरून सुळ्ळकन निघून जाते, म्हशीलासुद्धा कळत नाही. गॅलरीत उभ्या उभ्या त्यांना सगळं दिसायला लागलं. उरणचा रस्ता, दोन्हीकडे मिठागरं, त्यांत उतरलेलं आभाळ, शेजारी चारुलता, तिचे केस वाऱ्यावर भुरभुरताहेत आणि कोणी कोणाशी काही बोलत नाहीये. पुढे समुद्र. मुलं? मुलं स्वप्नात नेहमी शाळेत असत. लग्नाच्या बारा वर्षांत नवराबायकोने दोघांनीच असा प्रवास म्हणून केलाच नव्हता. मधुचंद्राला महाबळेश्वरला गेले तेव्हासुद्धा आई आणि गिरजामावशी बरोबर होत्या. हवा चांगली असते म्हणून आल्या होत्या.

"आणि आई?" चारुलताने विचारलं.

"आईचं काय?"

"त्या मावतील का?"

प्रश्न रास्त होता. मालतीबाई म्हणजे भरलं घर होत्या. रिक्षात त्या बसल्या की शेजारच्याने आपलं आपण समजून पुढे रिक्षावाल्याजवळ जायचं, असा रिवाज होता. तेव्हा दिनानाथरावांनी शिवणाच्या डब्यातली टेप खिशात घातली आणि कोपऱ्यावरच्या डॉक्टरांच्या दवाखान्यापुढे उभ्या असलेल्या मारुतीची मापं घ्यायला सुरुवात केली. लांबी झाली, रुंदी झाली, मागचं दार मोजत होते तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले.

"काय चाललंय?"

"माप घेतोय."

"कसलं माप?"

"यात आमची आई बसते का, बघतोय."

"अहो, मग आईला घेऊन या! टेप काय बसवताय?"

पण आईला आधी सांगायचं नव्हतं. (घरात कुठलीही गोष्ट आईला शेवटी सांगायची आणि मग ती आपल्याआधी तिला माहीत होती हे कळून घ्यायचं, ही पेंडुरकरांकडची जुनी पद्धत आहे.) साहेबांच्या अँबॅसिडरचंही माप घेतलं. पण कागदावरच्या आकड्यांवरून गाड्या काही केल्या डोळ्यांपुढे येईनात. तेव्हा दिनानाथरावांना एक कल्पना सुचली. सुचली नसती तर बरं झालं असतं.

रविवारी सकाळी त्यांनी बिल्डिंगपुढच्या मोकळ्या जागेत रांगोळीने दोन्ही गाड्या काढल्या. मापांबरहुकूम. चारुलताचा हात चांगला, तिने दिवे काढले, चाकं काढली, मारुतीत लाल रंग भरला आणि पुढे एक कमळ काढलं. गणपती मंडळाच्या घडीच्या खुर्च्या आणून मांडल्या. सगळी बिल्डिंग गॅलऱ्यांमध्ये आली. दूध टाकायला आलेला तुळशीरामही टेंपो थांबवून बघत उभा राहिला.

"आई, जरा खाली ये, एक गंमत आहे," दिनानाथरावांनी हाक मारली.

मालतीबाई आल्या. मारुतीत पुढे दिनानाथ आणि चारुलता, मागे दोन मुलं आणि त्या, असे सगळे बसले.

"आई, थोडी आत सरक. तुझी खुर्ची दाराबाहेर येतेय."

"कुठल्या दाराबाहेर?"

"ही काय, पांढरी रेघ."

मालतीबाई सरकल्या. धाकटा कान्हा किंचाळला. त्या परत बाहेर सरकल्या, खुर्चीचे दोन पाय रेघेबाहेर गेले.

"सायेब, म्हातारीला टपावर बसवा!" तुळशीराम ओरडला. "वारा बी लागंल."

सगळी बिल्डिंग हसली. दिनानाथरावही हसले. इथपर्यंतसुद्धा ठीक होतं. पण हसता हसता ते म्हणाले, "आणि आई काय रोज थोडीच येणार आहे!"

मालतीबाई उठल्या. स्वतःची खुर्ची स्वतः मिटली, भिंतीला टेकवून ठेवली आणि जिना चढून वर गेल्या. जाताना लाल मारुतीच्या इंजिनावरून गेल्या.

दुपारपासून घरात अबोला सुरू झाला. मालतीबाईंनी जेवायला हाक मारायची ती देवाला. "देवा, यांना सांग, वाढलंय." संध्याकाळी पलंगाखालची ट्रंक बाहेर निघाली.

"अहो, आई चिपळूणला विलासभावजींकडे निघाल्यात," चारुलता म्हणाली. "नऊवारी भरून झाल्या, आता औषधं भरताहेत. औषधं भरली म्हणजे खरंच निघाल्या."

दिनानाथराव आत गेले. "आई, अगं बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, असं झालं हे! गाडी अजून आलीसुद्धा नाही आणि तू घर सोडून चाललीस?"

"आल्यावर उतरवलं असतंस, त्यापेक्षा हे बरं."

"अगं, ती रांगोळी होती!"

"दिनू, मला गाडी नको रे," मालतीबाई ट्रंकेचं झाकण धरून म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता. "तुझ्या वडिलांच्या सायकलवर पुढच्या दांडीवर बसून जन्म काढला मी. पण गाडी घ्यायचं तुझ्या मनात आलं, तेव्हा त्यात बसलेली माणसं किती आली? चारच ना? मला नंतर मोजलंस. टेपने."

आईने रागावून भांडी आपटली असती तर त्यांनी निभावून नेलं असतं. पण ती खरं बोलली होती, आणि दिनानाथरावांना फार वाईट वाटलं. स्वप्नात मुलं शाळेत असत, आई कुठे असे ते त्यांनी कधी बघितलंच नव्हतं.

ते गॅलरीत येऊन उभे राहिले. खाली अंधारात मारुतीचा लाल रंग अजून थोडा दिसत होता. चारुलता शेजारी आली.

"साहेबांना सांगून टाका, अँबॅसिडर घेतो म्हणून."

"आणि तुझी मारुती?"

"लाल रंग काय, साडीतही मिळतो." मग म्हणाली, "साडी मात्र घ्यायची हं. ती रांगोळीची चालायची नाही."

निर्णय ऐकल्यावर मालतीबाई म्हणाल्या, "माझ्यासाठी कशाला हो एवढा खर्च?" आणि लगेच, "मागच्या सीटवर लोड ठेवता येईल ना रे?" औषधं ट्रंकेतून परत फडताळात गेली. पेंडुरकरांचं घर वाचलं.

गाडी दसऱ्याच्या मुहूर्तावर आणायची ठरली. आता मध्ये नुसती वाट बघायची होती. पण मालतीबाईंचा वाट बघण्यावर विश्वास नाही. अँबॅसिडरची रांगोळी त्यांनी पुसू दिली नाही. नवरात्रात संध्याकाळी भोंडल्याला बायका जमत, गाणी झाली, खिरापत वाटून झाली की मालतीबाई म्हणत, "चला, जरा फिरून येऊ." की सगळ्याजणी खुर्च्या घेऊन अँबॅसिडरमध्ये बसत. मागे खिडकीशी मालतीबाई. मध्ये पहिल्या मजल्यावरच्या पुतळाकाकू. दुसऱ्या खिडकीशी गिरजामावशी. (मावशी चार दिवसांसाठी म्हणून आल्या होत्या. एप्रिलमध्ये.) पुढे चारुलता, मांडीवर कान्हा. आणि स्टिअरिंगवर तुळशीराम, कारण डॉक्टर सोडले तर अख्ख्या बिल्डिंगच्या ओळखीत गाडी चालवता येणारा तेवढा एकच होता. तो बायकोशिवाय समुद्रावर जायला तयार नसल्यामुळे त्याची बायजा मध्ये बसे.

तुम्ही विचाराल, मालक असताना तुळशीराम कशाला? तर दिनानाथरावांनी तुळशीरामच्याच टेंपोवर शिकून परीक्षा दिली होती. इन्स्पेक्टर म्हणाले, "पुढून डावीकडे घ्या." दिनानाथरावांना समोर रिकामा रस्ता दिसला, लांब खाडी चमकताना दिसली आणि डावं-उजवं सगळं विसरून ते सरळ खाडीपुलावर गेले. इन्स्पेक्टर मानखुर्दला उतरून गेले.

तर ही रांगोळीतली गाडी रोज संध्याकाळी उरणला जाई. काय ती संध्याकाळ असायची! उन्हं उतरलेली, खाडीवरचा वारा, कोणाच्या तरी रेडिओवर हलकेच काही लागलेलं, आणि सगळ्या बायका डोळे अर्धवट मिटून बसलेल्या.

"आली बघा जासई," मालतीबाई म्हणत.

"केवढी धूळ ही!" म्हणून गिरजामावशी खिडकीची काच फिरवून वर करत.

"सायबाचे बाई, धक्का बसंल, धरून बसा," तुळशीराम गंभीरपणे सांगे आणि तिघी मागच्यामागे हलत. मग समुद्र येई. कोणी बोलत नसे. पुतळाकाकूंनी जन्मात समुद्र जवळून बघितलेला नव्हता, त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. दिवेलागणीला सगळ्याजणी "दमलो बाई" म्हणत घरी परतायच्या आणि त्यांचे पाय खरोखर दुखायचे.

दिनानाथराव काय करत? ते बाहेर उभे असत. कोणाच्या पायाने रेघ पुसली की ती टेप लावून पुन्हा काढत. आईच्या बाजूचं दार त्यांनी दोन बोटं वाढवूनसुद्धा दिलं होतं. आत बसायला म्हणून त्यांना फुरसत झाली नाही. पण आई हसत होती, लाल साडी आणली होती, आणि गाडी यायची होती. पुढचं सगळं ते मनातल्या मनात चालवत होते.

दसऱ्याला गाडी आली. दुधावरच्या सायीच्या रंगाची. झेंडूचे हार झाले, लिंबं झाली, नारळ फुटला. सीमोल्लंघनाला थेट उरणचा समुद्र, असं मालतीबाईंनी जाहीर केलं. दिनानाथरावांनी पँटला कडक इस्त्री केली, नवा गॉगल लावला आणि खाली आले.

गाडी भरलेली होती. जो तो आपापल्या जागेवर बसला होता. मागे खिडकीशी आई, मध्ये पुतळाकाकू, त्यांच्या मांडीवर मोठी मुलगी, पलीकडे गिरजामावशी. पुढे तुळशीराम, बायजा, लाल साडीतली चारुलता, कान्हा. डिकीत स्टोव्ह, पातेली आणि दोन पाट.

"मी कुठे बसू?" दिनानाथरावांनी विचारलं.

गाडीतल्या सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या.

"अगो बाई, खरंच की!" मालतीबाई म्हणाल्या. "तू कुठे बसायचास रे?"

सगळ्यांनी मनापासून आठवून बघितलं. कोणालाच आठवेना.

"सायेब, तुमी तं भायेरच उभं रायाचे," तुळशीराम म्हणाला.

"पुतळाकाकूंना जरा..." दिनानाथरावांनी सुरुवात केली. पण काकू दोन्ही हातांनी पुढची सीट धरून समोर बघत होत्या, जसा काही समुद्र आत्ताच निघून जाणार होता. त्यांना उतरवायला दिनानाथरावांची जीभ रेटेना.

चारुलताने दाराच्या कडीला हात घातला. "मी येते तुमच्याबरोबर यष्टीने."

एका क्षणात दिनानाथरावांना सगळं दिसलं. यष्टीची खिडकी, वारा, मिठागरं, शेजारी चारुलता, कोणी कोणाशी बोलत नाहीये.

"तू कुठे उतरतेस?" मागून मालतीबाई म्हणाल्या. "पोरांना पाण्यात कोण धरणार? पुतळा?" आणि खिडकीतून हात बाहेर काढून त्यांनी दिनानाथरावांच्या गालावरून प्रेमाने फिरवला. "एवढा थर्मास आणि सतरंजी तेवढी आण हो बाळा, आत जागा नाही." तुळशीरामने गाडी सुरू केली. निघता निघता त्या मान बाहेर काढून आनंदाने ओरडल्या, "दिनू, बघितलंस? सगळे मावले की नाही!"

उरणची यष्टी दसऱ्यामुळे खच्चून भरली होती. दिनानाथराव एका पायावर उभे होते. जासई जवळ आली तेव्हा मागून हॉर्न वाजला. गाडी मध्ये कुठेतरी चहाला थांबली असावी. झेंडूच्या माळा उडवत ती सायीच्या रंगाची अँबॅसिडर यष्टीला मागे टाकून त्या रुंद, रिकाम्या रस्त्यावरून समुद्राकडे निघून गेली. पुढच्या खिडकीतून लाल पदर वाऱ्यावर फडफडत होता. दिनानाथरावांचा ऊर भरून आला. एवढं सुख एकट्याला पेलवेना. कंडक्टर समोर तिकिटं फाडत होता.

"बघितलीत?" ते त्याला म्हणाले. "ती माझी गाडी."

कंडक्टरने आधी गाडीकडे बघितलं. मग काखेतली सतरंजी, गळ्यातला थर्मास आणि डोळ्यांवरचा गॉगल नीट बघून घेतला.

"असं होय? ती तुमची, तर ही माझी," तो तिकीट हातात देत म्हणाला. "चला मालक, पुढं सरका."