कांगारूंनी बांधलेला पूल

एका जंगलात एक ओढा होता आणि ओढ्यात बारा दगड होते. सगळे जण त्या दगडांवर पाय ठेवत पलीकडे जायचे. कधी पाय घसरायचा, ढोपर फुटायचं, पण जायचे.

एकदा काय झालं, दूर देशाहून कांगारू आले. डोक्यावर टोप्या, काखेत नकाशे. सिंहमहाराजांना म्हणाले, आमच्या देशात असतो तस्सा पूल तुम्हाला बांधून देतो. महाराजांनी खुशीत आयाळ झटकली.

आता बाळांनो, कांगारू काही चालत नाहीत, उड्या मारतात. म्हणून त्यांच्या पुलाला सलग फळ्या नसतात. एक फळी, मग मोकळी जागा, मग पुढची फळी.

त्यांच्या मोठ्या इंजिनीअरने विचारलं, "तुमची प्रजा केवढी उडी मारते?"

हे खरं तर ओढ्यावर जाऊन बघायचं. पण पाहुण्यांपुढे कमीपणा कोण घेईल? महाराज म्हणाले, "तुमच्यापेक्षा हातभर जास्तच."

कांगारू बिचारे सरळ मनाचे. त्यांनी प्रत्येक मोकळी जागा हातभर वाढवली. खांबांना दगड कमी पडले, तर ओढ्यातले बाराही उचलले. वर पाटी लावली : 'पिल्लांना पोटाच्या पिशवीतूनच न्यावे.'

महाराजांनी वेल कापून उद्घाटन केलं. पुलावरून मात्र कुणीच गेलं नाही. एवढी उडी कांगारूंनाही जमेना. इथली प्रजा काय दणकट असेल, असं कौतुक करत ते आपल्या देशी गेले.

दुसऱ्याच दिवशी टोचूचा कान ठणकायला लागला. टोचू म्हणजे गोजरबाई साळिंदरीचं एकुलतं एक पिल्लू. कानाचं औषध पलीकडच्या अस्वलीण आजीकडे, आणि आजी गुडघ्यांमुळे जागची हलत नसे. गोजरबाईला वाटलं, कान आज ठणकतोय, उद्या ऐकूच आलं नाही तर?

ती टोचूला घेऊन पुलाशी गेली. तिथे कोल्हेप्रधान बसले होते. ते म्हणाले, आधी पिशवी दाखवा. ती म्हणाली, आमच्यात पिशवी नसते हो. ते म्हणाले, मग शिवून आणा, पाटी काय मी लावलीय?

जावेने पळसाच्या पानांची पिशवी शिवून दिली. टोचू आत बसला मात्र, पिशवीची चाळणी झाली आणि आईच्या पोटाचीही. जाऊ म्हणाली, लेक तुझाच, टोचणारच.

मग गोजरबाई थेट दरबारात गेली. म्हणाली, "महाराज, एकदा तुम्हीच पुलावरून जाऊन दाखवा."

महाराज म्हणाले, "मला पलीकडे काय काम?"

झालं. ती परत ओढ्याशी येऊन बसली. टोचू कान धरून कण्हत होता. पाण्याला ओढ अशी की पोहायची सोय नाही. पुलाच्या सावलीत एक रानम्हैस डुंबत होती. तिने विचारलं, का गं डोळे पुसतेस? गोजरबाईने सगळं सांगितलं.

म्हैस म्हणाली, "बस पाठीवर. काटे तेवढे मिटून घे."

चार पावलांत पलीकडे. आजीने कानात कसलासा पाला पिळला. संध्याकाळपर्यंत टोचू हाक मारल्यावर ऐकू येऊनही न आल्यासारखं करायला लागला, म्हणजे बरा झाला.

दुसऱ्या दिवसापासून म्हशीपुढे ही रांग. ससे, मुंगसं, घोरपडीसुद्धा.

पावसाळ्यानंतर कांगारू पाहणीला आले. बघतात तर अलीकडची प्रजा पलीकडे, पलीकडची अलीकडे. खाली वाकून कुणी पाहिलं नाही. पुलाला ओरखडासुद्धा नाही, असं म्हणून त्यांनी पाठ थोपटून घेतली आणि पुढच्या नाल्यावर अस्साच दुसरा पूल मंजूर केला.

कोल्हेप्रधान धावत म्हशीकडे गेले. आजवर अरेतुरे करायचे, त्या दिवशी हात जोडून म्हणाले, "मावशी, तुम्हाला एखादी बहीण आहे का हो?"

तात्पर्य : पूल बांधताना प्रजेला विचारत बसू नये, उगाच वेळ जातो. खाली म्हैस उभी असली की कुठलाही पूल मजबूत असतो.