बागवान डॉक्टरांच्या काखेतली नळी

डॉक्टर बागवानांचा डावा हात सकाळभर कुणाच्याच उपयोगाचा नसे. त्याच्या काखेत काचेची नळी असायची, आणि नळीत कुणा होऊ घातलेल्या बापाचं, धुऊन निवडलेलं वीर्य. प्रयोगशाळेपासून माझ्या खोलीपर्यंत ते तसेच अंगण ओलांडत. वाटेत कुणी बोलायला थांबवलं, तर म्हणत, "मंडळी गारठत्यात. मग बोलू."

मी स्त्रीरोगतज्ज्ञ, ते प्रयोगशाळेचे डॉक्टर. ऐंशीच्या दशकात कोल्हापुरातल्या आमच्या छोट्या दवाखान्यात आम्ही दोघंच हा उद्योग करत होतो. शुक्रजंतूंना ते 'मंडळी' म्हणत. मंडळींना त्रास नको म्हणून प्रयोगशाळेत अत्तर बंद, विडी बंद, मोठ्यानं बोलणं बंद. स्वतःचा आवाज मात्र शिरोलीपर्यंत जायचा.

एकदा पन्हाळ्याकडचं एक जोडपं आलं. लग्नाला बरीच वर्षं होऊन मूल नव्हतं. सोबत सासू, तिला सगळे आक्का म्हणत. पोरासाठी दुसरी मुलगी बघून ठेवलीय, हे आक्कांनी सुनेच्या तोंडावरच सांगितलं. सुनेची मान वर झाली नाही.

तिच्यात काही दोष निघाला नाही. नवऱ्याचा नमुना पाहून बागवान बाहेर आले.

"आक्का, मंडळी कमी हाईत. आणि हाईत ती आळशी."

"माझ्या पोरात खोट? उसाची मोळी एकटा उचलतोय त्यो!"

"मोळीचा हितं काय संबंध न्हाय. चला, दावतो."

पोरानं मान डोलावली, आणि बागवानांनी आक्कांना चक्क सूक्ष्मदर्शकापुढं बसवलं. बऱ्याच वेळानं आक्का ओरडल्या, "अगं बया! बसल्यात की सगळी! उठा की रं मुडद्यांनो!"

दुसऱ्या मुलीचा विषय तिथंच संपला.

मग आम्ही कामाला लागलो. नमुना धुऊन, यंत्रात फिरवून नळीच्या तळाशी बसवायचा आणि वर पोषक द्रव हळूच सोडायचा. ज्यांच्यात दम असतो, ते जंतू पोहत वर येतात. तेवढेच उचलून मी सुनेच्या गर्भाशयात सोडत असे. ते वर येईपर्यंत बागवान नळीसमोर स्टुलावर बसून "या वर, या की!" असं पुटपुटत राहत.

दोनदा फसलं. दुसऱ्यांदा सून रडायला लागली, तसे बागवान म्हणाले, "पोरी, तू न्हाय हरलीस. मंडळी हरली. परत उतरवू की त्यास्नी!"

तिसऱ्या खेपेला तिच्या लघवीच्या तपासणीचा निकाल घेऊन ते दोन्ही हात उंचावत अंगणातून पळत आले. "डॉक्टरबाई, हाणलं! मंडळींनी हाणलं!" बाहेर बसलेल्या बायकांना काही कळलं नाही, पण त्याही उठून हसायला लागल्या.

मुलगी झाली. "आवाज बघा की कसा काढतीया!" म्हणत आक्कांनी अख्ख्या दवाखान्याला जिलेबी वाटली. मग एके दिवशी सुनेला आणि बाळाला घेऊन त्या बागवानांच्या घरी निघाल्या. मलाही ओढलं.

बागवानांच्या बायकोच्या, रुखसानाभाभींच्या, मांडीवर बाळ ठेवत आक्कांनी विचारलं, "तुमची लेकरं कुठं दिसंनात?"

बागवान उठून दाराशी गेले. भाभींनीच सांगितलं. त्यांनाही मूल होईना, तेव्हा नातेवाइकांनी बागवानांसाठी दुसरी मुलगी पाहिली होती. बागवानांनी स्वतःचाच नमुना तपासला, सगळ्या नातेवाइकांना जेवायला बोलावलं आणि भरल्या ताटांपुढं उभं राहून सांगितलं, "खोट माझ्यात हाय. हिला कुणी बोलायचं न्हाय."

"तवा हे मंडळी धुऊन निवडायचं काय निघालं नव्हतं ओ," भाभी हसून म्हणाल्या.

आक्कांनी पदर डोळ्यांना लावला आणि सुनेला जवळ ओढून घेतलं. बाळानं भाभींचं बोट घट्ट धरलं होतं. भाभी ते सोडवून घेत नव्हत्या. बागवान दाराशी उभे होते. बाळाकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. ते भाभींकडेच बघत होते.