सात नंबरचा मणका
मेंढीच्या मानेचे मणके घरच्या फ्रीजरमध्ये ठेवायला नको होते, हे मणकेकरला नंतर कळलं. नंतर कळून काय उपयोग म्हणा. पण प्रयोगशाळेचा फ्रीजर नेमका चाचणीच्या आदल्या दिवशी बंद पडला, त्याला तो तरी काय करणार?

मणकेकर हे काही त्याचं खरं आडनाव नव्हे. मानेच्या हाडांवर प्रबंध लिहितो म्हणून कॉलेजात पडलेलं नाव, आणि ते असं चिकटलं की शिपाईसुद्धा त्याच नावानं हाक मारी. हाड जितकं घट्ट तितकं ते जास्त दाब सोसतं, एवढंच त्याचं म्हणणं. त्याच्या मार्गदर्शक बाईंना ते पटत नव्हतं. "घट्ट दिसणारं हाड आतून ठिसूळही असतं. उद्या माझ्यासमोर मशीनमध्ये दाबा. मोडलं तर प्रबंध पहिल्यापासून लिहायचा," असं त्यांनी बजावलं होतं. मानेवर संशोधन करणाऱ्या या माणसाची मान बाईंसमोर कधी वर झाली नव्हती. तो "हो बाई" म्हणाला आणि बाईंना जरा मऊ करावं म्हणून आदल्या संध्याकाळी जेवायला बोलावून बसला.

बायको कामासाठी परगावी होती, म्हणून स्वयंपाकघर सासूबाईंच्या ताब्यात होतं. बाईंना घेऊन तो घरी आला तेव्हा सुपाचा वास दारापर्यंत आला होता. चला, सुरुवात तर झकास झाली, असं त्याला वाटलं. बाई टेबलाशी बसल्या, सासूबाईंनी वाडगा भरला आणि मणकेकर पाण्यात टाकायला बर्फ काढायला गेला. फ्रीजरमधला त्याचा डबा ओट्यावर धुऊन पालथा घातलेला होता.

"आई," तो दबक्या आवाजात म्हणाला, "या डब्यातली हाडं?"

"सुपात," सासूबाई म्हणाल्या. "पाहुण्यांसमोर काय नुसतं पाणी ठेवायचं? ताजी होती, चांगली होती."

"आणि त्यांना बांधलेल्या नंबरांच्या चिठ्ठ्या?"

"त्या प्लास्टिकच्या टिकल्या? सगळ्या काढल्या हो. एखादी राहिली असली तर देव जाणे. पण जावईबापू, खाटकानं फसवलं तुम्हाला. बत्त्यानं ठेचली तरी फुटेनात. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या सोडून दिल्या मी."

वर्षभराचं काम कुकरमध्ये गेलं होतं आणि त्यातलं अर्धं एव्हाना बाईंच्या वाडग्यात होतं. तो धावतच बाहेर आला.

"बाई, सूप राहू द्या. जेवण वाढतो."

"का? फार छान झालंय," म्हणत बाईंनी वाडगा जवळ ओढला.

"जावईबापू, पाहुण्यांच्या तोंडचा घास काढता?" सासूबाई आतून म्हणाल्या.

बाईंनी एक हाड उचललं, दाढेखाली धरलं आणि चावलं. कट्कन आवाज झाला. क्षणभर मणकेकरला वाटलं, मोडलं हाड, संपला प्रबंध. पण बाईंनी गालावर हात दाबला, तळहातावर दाढेचा तुकडा घेतला आणि हाड बशीत ठेवलं. हाड जसंच्या तसं होतं. त्याच्या भोकातून एक दोरा लोंबत होता आणि दोऱ्याला टिकली होती. बाईंनी चष्मा वर करून ती वाचली.

"सात नंबर," त्या म्हणाल्या. "मणकेकर, हे माझ्या ओळखीचं वाटतंय."

मणकेकरनं सगळं कबूल केलं. आता नव्यानं लिहायचं, या विचारानं त्याला रडू येत होतं. सासूबाई पदराला हात पुसत दारात उभ्या राहिल्या. बाईंनी गाल धरूनच ते हाड उलटसुलट करून पाहिलं.

"सात नंबरची घनता किती होती?"

"सगळ्यांत जास्त, बाई."

"वाटलंच," बाई म्हणाल्या. "नवे मणके आणा आणि रीतसर मशीनवर दाबा. एका दाढेवर पदवी देता येत नाही. पण पहिल्यापासून लिहायची गरज नाही. तुमचं म्हणणं मला पटलं."

आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बाईंनी त्याच्यासमोर मान डोलावली. अगदी हळू डोलावली, कारण दाढ ठणकत होती.