दाराच्या चौकटीतली खुंटी

नवी वस्तू वापरायला काढण्याआधी घरी तपासून बघावी, असं माझं ठाम मत आहे. (या मतापायी आजवर दोन छत्र्या आणि एक थर्मास कामी आले.) म्हणून ऑफिसच्या जंगल शिबिरासाठी घेतलेला चाकू शनिवारी दुपारी, बायको भाजी आणायला गेल्यावर, मी हळूच बाहेर काढला.

चाकू वीतभरही नव्हता, पण चांगला जाड. पातं न दुमडणारं, मूठ काळी आणि दणकट. हातोडीने लाकडात ठोकला तरी याला काही होणार नाही, असं दुकानदार म्हणाला होता. शिबिरात सगळ्यांसाठी लाकडं मीच फोडणार, असं मी ऑफिसात सांगून बसलो होतो, तेव्हा खात्री करणं भाग होतं. तीही गुपचूप, कारण असलं सामान पुन्हा घरात आणणार नाही असा शब्द मी बायकोला दिला होता. (मागच्या वर्षीचा तंबू सध्या वॉशिंग मशीन झाकतो.) चाकू तिला दिसला तर उद्याचं शिबिर रद्द, हे ठरलेलंच होतं.

घरात जाड लाकूड म्हणजे फक्त बेडरूमच्या दाराची चौकट. तिला टोक टेकवलं आणि मुठीवर हातोडी घातली. दोनतीन घावांत पातं मुठीपर्यंत आत गेलं. दुकानदार खोटं बोलला नव्हता. मग मी चाकू ओढला. तो हलला नाही. चौकटीला पाय लावून ओढला, तेव्हा मी हललो आणि पलंगावर जाऊन पडलो. तेवढ्यात बाहेरच्या दाराची कडी वाजली. मी घाईघाईने मुठीवर माझा कोट टांगला.

बायकोने पिशव्या ठेवल्या, कोटाकडे पाहिलं आणि तो उचलला.

"ही खुंटी कुणी ठोकली?"

"मी."

"स्वतःहून?"

तिथे एक खुंटी ठोका म्हणून ती दोन वर्षं माझ्या मागे लागली होती. मला वाटलं, सुटलो. पण तिने मला नखशिखांत न्याहाळलं आणि सावकाश खुर्चीत बसली. न सांगता काम करणारा नवरा तिने लग्नापासून पाहिला नव्हता, आणि त्याचा अर्थ तिच्या मते एकच होता.

"काय लपवताय?"

काही नाही, असं मी म्हटल्याबरोबर तिने भावाला फोन केला. माझा मेहुणा विमा कंपनीत लोकांचे दावे तपासतो. चोरीला गेलेली गाडी खरंच चोरीला गेली, यावर त्याने आजवर विश्वास ठेवलेला नाही. तो आला, खुंटीकडे दोन्ही बाजूंनी पाहिलं, वाकून तिचा वास घेतला आणि माझी उलटतपासणी सुरू केली. नोकरी गेली का, बदली झाली का, कुणाला जामीन राहिलात का. माझ्या प्रत्येक 'नाही'गणिक बायकोचा चेहरा उतरत चालला. शेवटी तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा मला राहवेना. शिबिर गेलं खड्ड्यात, म्हटलं.

"अगं, ती खुंटी नाही. चाकू आहे."

बहीणभावांनी एकमेकांकडे पाहिलं.

"दाजी, निदान पटेल असं तरी सांगा," मेहुणा म्हणाला. त्याने मूठ ओढली, मग तिला चक्क लोंबकळला. चाकू असता तर निघाला असता, असा त्याने निष्कर्ष काढला. बायकोचं म्हणणं त्याहून साधं होतं. ज्या माणसाला बिस्किटांचा पुडा धड फोडता येत नाही, तो चौकटीत चाकू काय ठोकणार?

खरं सांगून झालं होतं, म्हणून मी खोट्याकडे वळलो. तिचा आवडता निळा कप मागच्या महिन्यात ओट्यामागे फुटलेला सापडला होता. तो मीच फोडला, असं मी खाली मान घालून कबूल केलं.

"तरी म्हटलं," बायको म्हणाली, आणि तिच्या जिवात जीव आला. मेहुण्याने तपास एकदम आटोपता घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पाठीवरून हात फिरवला. (कप खरा कुणी फोडला, ते मला तेव्हा कळलं.)

कपाची शिक्षा म्हणून शिबिर रद्द झालं. त्याऐवजी रविवारी मी आणखी दोन दारांना खुंट्या ठोकाव्यात असं ठरलं. त्याही अगदी अश्शाच, कारण एवढा मेहुणा लोंबकळूनही ही जागची हलली नव्हती. मी मुकाट्याने दुकानात गेलो आणि तसलेच आणखी दोन चाकू मागितले. एकदम दोन कशाला, असं दुकानदाराने विचारलं. आता खोटं बोलायचा कंटाळा आला होता.

"घरी कोट टांगायला," मी म्हणालो.

त्याने चाकू परत कपाटात ठेवले, कुलूप लावलं आणि अगदी मायेने म्हणाला, "साहेब, घरातल्या कुणाला तरी सोबत घेऊन या."